मावशी खाली गेली तेव्हा

लाँड्रीकाकूंचं दुकान माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर आहे. मधला रस्ता उताराचा आणि इतका अरुंद, की मी माझ्या काउंटरमागे आणि त्या त्यांच्या इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या राहिलो तरी आवाज न चढवता गप्पा होतात. इस्त्री चालू, नजर कॉलरवर आणि तोंड माझ्याशी, असं त्यांचं काम चालतं. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, वाफेने चेहरा कायम लालसर आणि जिभेला धार. कोणी महिनाभराने सूट न्यायला आला की विचारणार, "काय, लग्न लागलं का सुटाशिवायच?" माणूस ओशाळतो आणि पुढच्या वेळी बरोबर वेळेवर हजर होतो.

त्यांची गोष्ट सांगायची तर आधी आमची दोन चर्चेस सांगायला हवीत. एक टेकडीवरचं, एक पायथ्याचं. वरचं आणि खालचं. मी आणि काकू वरच्या. दोघांमध्ये फरक काय, असं लहान मुलांनी विचारलं तर उत्तर सोपं होतं: वरचे फादर रोज दाढी करतात, खालचे छातीपर्यंत राखतात, आम्ही बाकांवर बसून प्रार्थना करतो, ते उभ्याने. मोठ्या माणसाने विचारलं की मात्र हाताची गोष्ट निघायची.

हा हात एका संत बाईचा. ती जिवंतपणी सुईण होती. कुठे बाळंतपण अडलं की पावसापाण्याचं न बघता चढ चढून जायची, श्रीमंताचं घर म्हणायची नाही की गरिबाचं. बाकीच्या देहाचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. उजव्या हाताचं हाड तेवढं राहिलं, आणि ते हाताच्याच आकाराच्या एका चांदीच्या पेटीत जपून ठेवलं होतं. आमच्या वरच्या बायका त्या संतीणीला मावशी म्हणायच्या. खालचे तिला आजी म्हणतात, कारण मुळात ती त्यांची. चार पिढ्यांपूर्वी हात त्यांच्याच चर्चमध्ये होता. तेव्हा दोन्ही चर्चेसमध्ये विस्तव जात नव्हता, आणि अशात खालच्या चर्चला खरोखरीची आग लागली. वरची माणसं बादल्या घेऊन धावली, आग विझवू लागली आणि परत येताना हात घेऊन आली. आम्ही म्हणायचो, आगीतून वाचवला. ते म्हणायचे, आगीचं निमित्त करून लांबवला. वाचवलात तर आग विझल्यावर परत का नाही केलात, ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो विषय आमच्यात कोणी काढायचा नाही.

काकूंच्या लग्नात मात्र तो निघाला. काका बस डेपोत मेकॅनिक, आणि खालचे. तेव्हा लाँड्री काकूंचे वडील चालवायचे आणि काकू गल्ल्यावर बसायच्या. हा तरुण ग्रीस लागलेले ओव्हरऑल धुवायला टाकायचा. इतक्या वेळा टाकायचा की वडिलांनी शेवटी विचारलं, "हा बस दुरुस्त करतो की तिच्याखाली झोपतो?" लग्न वरच्या चर्चमध्ये झालं आणि त्यासाठी काका वरचे झाले. त्यांची आई लग्नाला आली नाही. तिने उंबऱ्यात उभं राहून एक वाक्य तेवढं ऐकवलं: "हात नेला तो नेला, आता माझा मुलगाही नेलात." वाक्य संध्याकाळच्या आत टेकडी चढून वर आलं.

तेव्हापासून सासूसुनेचं तोंड बघणं बंद. पण बोलणं बंद होतं असं म्हणवत नाही, कारण ते कपड्यांतून चालू होतं. दर रविवारी दुपारी काका आईकडे जायचे आणि येताना तिचे कपडे गाठोडं बांधून आणायचे. काकू ते धुवायच्या, इस्त्री करायच्या, आणि पुढच्या रविवारी गाठोडं खाली जायचं. हे कोणी ठरवलं, कसं सुरू झालं, काकांनाही सांगता यायचं नाही. अधूनमधून खालून निरोप यायचा, "खळ जास्त झाली, मान कापते." त्यावर काकू फणकारायच्या, "मऊ मान लागते म्हणावं मऊ कॉलरला." आणि पुढच्या वेळी खळ कमी घालायच्या.

काकूंना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा त्या दवाखान्यातून एकट्याच घरी आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी दुकान वडिलांवर टाकलं आणि दुपारच्या दुपार वरच्या चर्चमध्ये काढल्या. डाव्या भिंतीत काचेमागे तो चांदीचा हात होता. काचेवर तळवा टेकवून बायका मनातलं बोलत. काकूंनी किती बोलून घेतलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. लेक झाली, धडधाकट, केसाळ, रडकी. तेव्हापासून त्या काचेवर आणि आतल्या कापडावर काकूंनी जणू हक्कच सांगितला. हाताखाली अंथरलेलं पांढरं कापड त्या स्वतः काढायच्या, वेगळ्या बादलीत धुवायच्या, दोन्ही बाजूंनी इस्त्री करायच्या. "मावशीला सुरकुती आवडत नाही," म्हणायच्या. मावशीने हे त्यांना कधी सांगितलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं? बाळंतिणीची चादर कशी असावी हे सुइणीला कळत नसेल?"

एका रविवारी फादरांनी प्रार्थना संपल्यावर सूचना वाचल्या. छपराचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. गायनवृंदाला दोन आवाज कमी पडताहेत. आणि दोन्हीकडच्या बिशपांनी बसून असं ठरवलं आहे, की सुईण संतीणीचा पवित्र हात खालच्या चर्चला परत करायचा. "आपल्यातला दुरावा मिटवण्याची ही सुरुवात आहे," फादर म्हणाले. ते वयाने तरुण, बोलायला मऊ, आणि हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

मी शेजारी बसलेल्या काकूंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. लोक उठून जाईपर्यंत बसून राहिल्या, मग थेट वेदीमागच्या खोलीत. मी पाठोपाठ गेले, भांडण झालं तर आवरायला.

"फादर, छपराबरोबर सांगितलंत," काकू म्हणाल्या.

"काय?"

"छपराबरोबर. छप्पर, गाणं आणि मावशी. एका दमात."

फादर अंगावरचा झगा काढत होते, तो अर्धा तसाच राहिला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "वेगळं बोलायला हवं होतं."

"आम्हाला विचारायला हवं होतं. बिशप येतात वर्षातून एकदा. त्यांनी कधी काच पुसलीय तिची?"

"नाही पुसली," फादर म्हणाले. "बसा ना काकू."

"बसायला नाही आले मी. मला एवढंच सांगा, तिला विचारलं का कोणी, की बाई, तुला जायचंय का?"

फादर शांतपणे म्हणाले, "तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, असं तुम्हाला वाटतं?"

उत्तर काकूंना येत होतं. जी बाई कोणाच्याही दारात बोलावल्याबरोबर गेली, ती इथे अडून बसली असती असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. मला वाटतं, त्यांना राग आला तो ह्याच गोष्टीचा. फादर चुकीचे असते तर भांडता आलं असतं.

"न्यायच्या आधी तेवढं कापड धुऊन द्याल?" फादरांनी विचारलं. "शेवटचं."

"दुसऱ्या कोणाला सांगा," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी वेगळंच चाललं होतं. काका खुशीत होते. दाढी करताना शीळ घालत होते, जे ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर विसरले होते, असं काकूंचं म्हणणं. काकूंनी दोन दिवस ऐकून घेतलं.

"शीळ पुरे," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. "कळलं सगळ्या गावाला. तुमच्या माहेरी चाललीय ती."

काका हसले नाहीत. आरशातूनच बोलले, "मला आनंद झालाय. लपवू कशाला?"

"मी कुठे लपवा म्हणतेय?"

"मग ऐक. आमच्याकडे तिचा कोनाडा आहे. लहानपणी आई मला हाताला धरून त्याच्यापुढे उभी करायची. आत काही नाही, नुसती भिंत आणि पुढे दिवा. मी विचारायचो, आई, आपण कोणाकडे बघतोय? ती म्हणायची, ती येईपर्यंत जागा सांभाळतोय. चार पिढ्या त्या लोकांनी तिथे दुसरं काही ठेवलं नाही. साधी मेणबत्ती ठेवायला जागा हवी म्हणूनसुद्धा नाही."

"हे मला इतकी वर्षं कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? तू तिचं कापड धुवायचीस, ते मला दिसत होतं. तुझ्याकडून काढून घ्यायचं होतं का मी?"

पण नवऱ्याचं पटणं वेगळं आणि मन मानणं वेगळं. हात द्यायच्या दिवशी बरोबर चल, असं काकांनी एकदाच म्हटलं. काकू म्हणाल्या, हॉटेलच्या चादरी द्यायच्यात.

तो दिवस मला चांगला आठवतो. मिरवणूक वरून निघाली ती आमच्याच रस्त्याने खाली जाणार होती, दुसरा रस्ताच नाही. मी दुकान बंद करून बाहेर उभी राहिले. समोर काकूंनी शटर अर्ध्यावर ओढलं होतं. आतून इस्त्रीची वाफ बाहेर येत होती. त्यांनी मला नंतर सांगितलं, की आतून त्यांना फक्त पाय दिसत होते. पण तीस-पस्तीस वर्षं ज्यांच्या पँटी इस्त्री केल्या, त्यांना ओळखायला चेहरा लागतो कुठे? हा बँकवाला, ह्याची डावी घडी कधी सरळ बसत नाही. ह्या गाणाऱ्या बहिणी. मधेच फादरांचा काळा झगा गेला, एकेक पाऊल जपून टाकत. तेव्हा काकूंनी इस्त्री आडवीच ठेवली आणि उशीचा एक अभ्रा जळाला. त्यांच्या हातून जळालेला तो एवढा एकच कपडा मला ठाऊक आहे.

मग काकांचे बूट आले आणि शटरसमोर थांबले. मागच्या लोकांना वळसा घालून जावं लागत होतं. काकू आतून बुटांकडे बघत राहिल्या. बूट थोडा वेळ तिथेच होते, मग पुढे गेले.

खाली जे झालं ते काकूंनी पाहिलं नाही, मी पाहिलं. खालच्या चर्चच्या पायऱ्यांवर दाढीवाले फादर उभे होते. मोठं भाषण तयार करून आणलेलं असणार, कारण त्यांच्या मुठीत घडी घातलेला कागद होता. आमच्या फादरांनी चांदीचा हात पुढे केला आणि म्हणाले, "उशीर झाला, माफ करा." दाढीवाल्यांनी तो घेतला. घेताना कागद खाली पडला, तो वाऱ्याने उताराला लागला, आणि एवढ्या माणसांतून तो पकडायला कोणीही धावलं नाही. ते नुसते उभे राहिले. मग आत वळले. भाषण झालंच नाही. दारापाशी खुर्चीवर काकांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. सगळ्या बायका रडत होत्या. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

नंतरचे काही महिने काकू रविवारी येत राहिल्या, पण बाक बदलला. डाव्या भिंतीतल्या रिकाम्या काचेमागे कोणीतरी फुलदाणी ठेवली. काकू ती बघून म्हणाल्या, "दात पडला म्हणून तिथे खडू लावल्यासारखं दिसतंय." एवढंच. पुन्हा त्या बाजूला बघितलं नाही. दुकानात गप्पा चालू होत्या, पण मावशीचा विषय निघाला की त्या इस्त्रीत पाणी भरायला आत जायच्या.

आणि मग लेकीला दिवस गेले. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला, जावई भला माणूस. पहिले महिने ठीक गेले, पुढे रक्तदाब चढायला लागला. डॉक्टरांनी दवाखान्यात पडून राहायला सांगितलं. काकू जाऊन राहिल्या, पण वॉर्डात एका वेळी एकच माणूस, आणि जावई तिथून हलायला तयार नाही. लेकीनेच समजूत घातली, "आई, डॉक्टर आहेत, मशीन आहेत, तू इथे बसून माझ्याकडे अशी बघत राहिलीस तर माझा रक्तदाब आणखी वाढेल." काकू परत आल्या. त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एकदाही वर मान करून बघितलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी दुकान बंद केलं. रविवार नव्हता. हातात सासूबाईंचं गाठोडं होतं. मला म्हणाल्या, "किल्ली ठेव. खाली जाऊन येते."

पुढचं सगळं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

जायचं होतं चर्चमध्येच. पण तिथे कसं उभं राहायचं, कुठून आत शिरायचं, काय करायचं नाही, काहीच ठाऊक नव्हतं. ज्या चर्चशी जन्मभर अबोला धरला, तिथे एकटीने जाऊन "माझ्या लेकीचं बघ" म्हणायचं कसं? खालचं ओळखीचं एकच माणूस होतं. काकूंनी दार वाजवलं.

दार उघडायला वेळ लागला. म्हातारीने आधी गाठोडं पाहिलं, मग वर.

"तो आजारी आहे?"

"नाही. बरे आहेत."

"मग कपडे घेऊन तू कशाला आलीस?"

काकूंना हाक मारायची होती, पण ह्या बाईला काय म्हणून हाक मारायची हे इतक्या वर्षांत ठरलंच नव्हतं. त्यांनी हाक न मारताच सांगितलं, लेकीला दवाखान्यात ठेवलंय, रक्तदाब आहे, अजून दिवस भरायचेत.

"माहितीय. रविवारी सांगितलं त्याने." म्हातारी दारातून बाजूला झाली. "आत ये. चपला राहू दे पायात, फरशी गार आहे."

आत एकच खोली, एक खिडकी, पलंग, आणि खुंटीला टांगलेले कपडे. काकूंनी आधी ते बघितले. प्रत्येकाची इस्त्री त्यांची. आपलं काम एवढ्या वर्षांनी परक्याच्या घरात भिंतीवर लटकलेलं बघून त्यांना कसंसंच झालं. म्हातारीने पाणी दिलं. स्वतः पलंगावर बसली आणि पायांत मोजे चढवायला लागली. वाकता येत नव्हतं. काकूंनी गुडघ्यावर बसून मोजे चढवले.

"चल," म्हातारी म्हणाली. "आत्ता कोणी नसतं तिथे."

खालचं चर्च त्या घरापासून जवळच. आत अंधार, मेणाचा वास, आणि बसायला काही नाही. काकू काच शोधत होत्या. काच नव्हती. कोनाड्यावर लहानसा लाल पडदा होता आणि मागे हात. पडदा वर्षातून मोजके दिवस उघडतात म्हणे. काकूंचा तळवा उचललेला होता, तो टेकवायचा कुठे हे कळेना. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "स्पर्श करता येत नाही. माझ्याकडे होती तेव्हा मी रोज बघायचे तिला."

"बोल की मग. ऐकू येतं तिला, पडद्यातून."

काकूंनी डोळे मिटले. काही सुचेना. शब्द यायचे ते काचेच्या गारव्याबरोबर यायचे. डोळे उघडले तर म्हातारी पडद्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही काय बोलता तिच्याशी?" काकूंनी विचारलं.

म्हातारीने आधी दाराकडे बघून घेतलं. "कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यालाही नको. मला बोलायलाच येत नाही आता."

"म्हणजे?"

"आमच्या चार पिढ्या रिकाम्या कोनाड्याशी बोलल्या. माझी आजी, माझी आई, मी. नवरा गेला तेव्हा मी ह्या भिंतीपाशी किती भांडले असेन. मुलगा गेला तेव्हाही." इथे तिने काकूंकडे बघितलं नाही. "भिंत रिकामी होती ना, सगळं सामावून घ्यायची. आता आत कोणीतरी आहे. सगळे म्हणाले, किती भाग्य, तुझ्या हयातीत परत आली. मी म्हटलं हो. पण मला पाहुण्यासारखं वाटतं तिच्यासमोर. काय बोलावं सुचत नाही. तू तर तिचे कपडे धुतलेस. तू सांग, कशी आहे ती?"

काकू म्हणतात, हा प्रश्न ऐकून त्यांचं सगळं अवसान गळालं. इतके महिने त्यांना वाटत होतं, खालचे जिंकले. आणि इथे ही बाई त्यांनाच विचारत होती, ती कशी आहे.

मग काकूंनी सांगितलं. लहान आहे, वाटतं त्याहून लहान. चांदीच्या अंगठ्याला खालच्या बाजूने पोचा आलाय, पडली असावी कधीतरी. उन्हाळ्यात पेटी गरम लागते, माणसाला ताप आल्यासारखी. त्या बोलत गेल्या आणि बोलता बोलता लेकीवर आल्या. आधीच्या दोघांवर आल्या, ज्यांच्याबद्दल त्यांनी काकांशीसुद्धा फार काही बोललेलं नव्हतं. नेमक्या कोणाशी बोलत होत्या, पडद्याशी का सासूशी, हे त्यांना अजूनही सांगता येत नाही. म्हातारीने सगळं ऐकलं. पाय थरथरायला लागले तेव्हा काकूंच्या खांद्याचा आधार घेतला.

"त्या दोघांचं मला कळलं होतं," शेवटी ती म्हणाली. "तेव्हा यायला हवं होतं मी. पायऱ्यांपर्यंत आले होते. वर चढले नाही."

काकूंनी तिचा हात खांद्यावर नीट घेतला.

"आणि मी ते बोलले होते ना, हात नेला, मुलगा नेला. हाताचं खरंच होतं ते. मुलगा आपल्या पायांनी गेला. ते मला तेव्हाही माहीत होतं."

घराकडे परत जाताना म्हातारीने विचारलं, तिची तिकडची जागा आता कशी आहे? काकूंनी फुलदाणीचं सांगितलं. म्हातारी रस्त्यात उभी राहिली. "काढ म्हणावं ती. रिकामी ठेवा. पहिले काही दिवस वेड्यासारखं वाटेल, भिंतीशी काय बोलायचं म्हणून. बोल तरी. जमतं."

लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला, ऑपरेशन करून. वजन कमी होतं, बरेच दिवस दवाखान्यात ठेवलं, पण तरला. आता बाळसं धरलंय त्याने. काकूंना मी विचारलं, मावशीने ऐकलं म्हणायचं का? त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी वेळेवर पोट उघडलं म्हणून वाचला. आणि त्यांचे हात कोणी धरले होते ते मी सांगत बसणार नाही, मावशी रागवायची माझ्यावर."

बाळ आजोळी आलं तेव्हा काकांनी डेपोतल्या मित्राची गाडी मागून आईला वर आणलं. ती पहिल्यांदाच लाँड्रीच्या घरात शिरली. मी दुकानातून बघत होते. तिने आधी पणतू पाहिला, मग खोली, मग खिडक्या, आणि म्हणाली, "एवढी लाँड्री दारात, आणि पडदे कधी धुतले होतेस गं?" काकू म्हणाल्या, "तुमचेच कपडे धुण्यात जन्म गेला, आई, वेळ कुठे मिळाला?" काका बाळाला घेऊन घाईघाईने आतल्या खोलीत गेले. पण भांडण झालं नाही. म्हातारी हसत होती.

सगळं गोड झालं, असं सांगितलं तर ते खरं नाही. वरचे आणि खालचे अजून एका वेदीपुढे प्रसाद घेत नाहीत; बिशप म्हणतात, त्याला वेळ लागेल. आमच्यातले काही जण आता उलट खालच्यांनाच चोर म्हणतात, हात नेला म्हणून. सासूसुनेचं महिन्यातून एकदा तरी वाजतं, आणि ते निरोपाने न होता समोरासमोर होतं, एवढाच फरक. फुलदाणी मात्र फादरांनी काढली. काकू रविवारी परत डाव्या बाजूच्या बाकावर बसतात. काच पुसतात. आत काही नाही हे ठाऊक असून पुसतात, आणि मधेच त्यांचे ओठ हलताना दिसतात.

गेल्या महिन्यात खालच्या चर्चकडून विचारणा आली, की दरवर्षी आठवडाभर हात वर पाठवायचा का, तुमच्या लोकांनाही दर्शन होईल. आमच्या सभागृहात बैठक बसली. सगळ्यांना वाटलं, काकू आनंदाने उड्या मारतील. त्या मागच्या खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "माझा विरोध लिहून घ्या." फादरांना काही कळेना. "काकू, तुम्हीच तर..." "हो, मीच," त्या म्हणाल्या. "पण ती काय पाहुणचाराला निघालेली मुलगी आहे, चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे? एका जागी राहू द्या तिला. ज्याला भेटायचंय त्याने उतरून जावं. उतारच तर आहे."

"येताना चढ आहे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. काकूही हसल्या. बैठक पुढे बराच वेळ चालली, मतं दोन्हीकडे सारखीच पडली आणि निर्णय अजून व्हायचाय. काकू मधूनच उठून गेल्या. खालच्या चर्चची वेदीवरची कापडं हल्ली त्यांच्याकडेच येतात, आणि ती मशीनमध्ये टाकून त्या आल्या होत्या.